डेस्कटॉपवर फाइल नको, फाइलची वाट हवी : फोल्डर आणि शॉर्टकट लावण्याची पद्धत

डेस्कटॉप म्हणजे मुळात एक साधा फोल्डर. पडद्यावर तो चित्रामागे पसरलेला दिसतो म्हणून वेगळा वाटतो, पण सी ड्राइव्हवरच्या यूझर्स फोल्डरमध्ये, तुमच्या नावाखाली, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सच्या शेजारीच तो असतो. त्यात आणखी एक फोल्डर मिसळलेला असतो. यूझर्समधल्या पब्लिक नावाच्या फोल्डरमधला डेस्कटॉप सगळ्या वापरकर्त्यांना सारखाच दिसतो. काही आयकॉन पुसताना विंडोज अॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागते, ते या दुसऱ्या फोल्डरमधले असतात.

शॉर्टकट ही वेगळी चीज. १९९५ साली विंडोज ९५ सोबत ती आली आणि तिचे काम अजून तेच आहे: मूळ फाइल किंवा फोल्डर कुठे आहे तो पत्ता लिहून ठेवलेली, जेमतेम एक-दोन किलोबाइटची फाइल. आयकॉनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला की तो शॉर्टकट. तो पुसला तरी मूळ फाइलला काही होत नाही. आणि तो पेन ड्राइव्हवर घेतला किंवा मेलला जोडला तर समोरच्याला फक्त पत्ता मिळतो, फाइल नाही. महत्त्वाचे सादरीकरण पेन ड्राइव्हवर नेले आणि दुसऱ्या संगणकावर उघडलेच नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हाच बाण असतो. कॉपी केलेल्या फाइलचा आकार एक-दोन किलोबाइट दिसला तर तिथेच थांबा आणि मूळ फाइल शोधा.

या लेखातली सगळी मांडणी एका नियमावर उभी आहे: मूळ फाइली डॉक्युमेंट्समध्ये किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि डेस्कटॉपवर फक्त शॉर्टकट. पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मॅकबद्दल थोडे पुढे येईल.

सफाईला हात घालण्यापूर्वी

आधी तुमचा डेस्कटॉप नक्की कुठे आहे ते पाहा. विंडोज + ई दाबून फाइल एक्सप्लोरर उघडा, डाव्या पट्टीतल्या डेस्कटॉपवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा आणि लोकेशन ही ओळ वाचा. त्यात वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) हा शब्द असेल तर डेस्कटॉपचा ऑनलाइन बॅकअप चालू आहे. मग इथे पुसलेली फाइल त्याच खात्याने जोडलेल्या इतर संगणकांवरूनही जाते. फाइलीजवळ निळसर ढग दिसला तर ती फाइल फक्त ऑनलाइन आहे, इंटरनेट नसताना उघडणार नाही. हिरवी बरोबरची खूण असेल तर ती संगणकावरही आहे.

हा बॅकअप बंद करताना सावध राहा. अनेकदा तो बंद करताच डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि सगळे गेले असे वाटते. प्रत्यक्षात फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहिलेल्या असतात. तिथून त्या उचलून हव्या त्या जागी आणायच्या.

दुसरी तपासणी एकमेकांना जोडलेल्या फाइलींची. एक्सेलची एखादी शीट दुसऱ्या वर्कबुकमधून आकडे घेत असेल किंवा वर्डमधले मेल मर्ज (एकच पत्र अनेक नावांनी काढण्याची सोय) एखाद्या यादीवर चालत असेल, तर त्या जोडणीत पूर्ण पत्ता लिहिलेला असू शकतो. फाइल हलवली की जोडणी तुटते. एक्सेलमध्ये डेटा टॅबवरच्या लिंक्सच्या पर्यायातून नवा पत्ता देता येतो; तरी अशा फाइली शक्यतो एकत्र, एकाच फोल्डरमध्ये हलवा. आणि हलवण्यापूर्वी उघड्या फाइली बंद करा, नाहीतर ‘फाइल इन यूज’ हा संदेश मधेच आडवा येतो.

डेस्कटॉप रिकामा करणे

पडद्यावरच्या आयकॉनांच्या गर्दीत हात घालून निवड करत बसू नका. त्यापेक्षा एक्सप्लोररमधून डेस्कटॉप उघडा आणि व्ह्यू मेनूतून डिटेल्स निवडा. आता टाइप या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केले की सगळे शॉर्टकट एका गटात येतात, फोल्डर दुसऱ्या, चित्रे तिसऱ्या. टाइपचा रकाना दिसत नसेल तर शीर्षकांच्या पट्टीवर राइट क्लिक करून तो चालू करा.

डॉक्युमेंट्समध्ये ‘डेस्कटॉप-सफाई’ नावाचा फोल्डर करा, नावात आजची तारीख घाला. शॉर्टकटचा गट सोडून बाकी सगळे निवडा, कंट्रोल + एक्स, नव्या फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल + व्ही. बस. डेस्कटॉप दोन मिनिटांत मोकळा होतो आणि काहीही पुसले जात नाही. निवड नंतर, निवांत करता येते. चुकून भलतेच हलले तर लगेच कंट्रोल + झेड.

मग शॉर्टकटकडे वळा. प्रोग्राम बसवताना आपोआप आलेले, महिन्यात एकदाही न लागणारे शॉर्टकट पुसून टाका. प्रोग्राम स्टार्ट मेनूत असतोच. बाण नसलेले प्रोग्राम मात्र बेधडक पुसू नका. काही लहान प्रोग्राम न बसवता थेट डेस्कटॉपवर उतरवून वापरलेले असतात, आणि तिथे आयकॉन म्हणजेच प्रोग्राम.

जाता जाता एक गैरसमज. डेस्कटॉपवर खूप आयकॉन असले की संगणक मंदावतो, हे सरसकट खरे नाही. पन्नास-शंभर शॉर्टकटचा भार नगण्य असतो. खरा त्रास डेस्कटॉपवर मोठमोठे व्हिडिओ ठेवून ऑनलाइन बॅकअप चालू असला की होतो, किंवा काही कार्यालयांत वापरकर्त्याचे सगळे प्रोफाइल लॉगिनच्या वेळी सर्व्हरवरून खाली उतरते, तिथे होतो.

फोल्डरांची रचना आणि नावे

सगळ्यात जास्त विचार इथे करा, कारण शॉर्टकट पाच मिनिटांत बदलता येतात; फोल्डरांची रचना बदलायला रविवार जातो.

वरच्या पातळीवर पाच ते सात फोल्डर पुरतात. एक चालणारी मांडणी अशी: ‘०१ आवक’, ‘०२ चालू कामे’, ‘०३ घर आणि पैसा’, ‘०४ ओळखपत्रे’, ‘०५ फोटो’, ‘०९ जुने’. शेवटच्याला मुद्दाम ०९ दिला आहे, म्हणजे मधे नवा फोल्डर घालायला जागा राहते. आवक हे उंबऱ्याजवळचे मेज: आलेली प्रत्येक गोष्ट आधी तिथे, आठवड्याने तिथून योग्य जागी. ‘विविध’ किंवा ‘नंतर बघू’ असा फोल्डर मात्र करू नका. आवक रिकामा करायचा असतो हे नावातच कळते, विविध कधीच रिकामा होत नाही.

आत उतरताना तिसऱ्या पातळीच्या खाली शक्यतो जाऊ नका. एक कारण शोधण्याचा कंटाळा. दुसरे तांत्रिक: अनेक प्रोग्राम अजूनही पूर्ण पत्त्याची लांबी २६० अक्षरांपर्यंतच मानतात. लांबलचक नावांचे फोल्डर सहा पातळ्या खोल गेले की फाइल उघडत नाही, कॉपी होत नाही, कधी पुसलीही जात नाही. तसे झाले तर वरच्या एखाद्या फोल्डरचे नाव तात्पुरते एका अक्षराचे करा. पत्ता आखूड होतो आणि गाडी सुटते.

आकडा दोन अंकी का? एक्सप्लोरर २ हा आकडा १० च्या आधी लावतो, पण फोन किंवा दुसऱ्या प्रणालीवर १० आधी आणि २ नंतर येण्याची शक्यता असते. ०२ लिहिले की कुठेही क्रम बिघडत नाही. तारखेचेही तसेच. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ‘२०२५-०३-१५’ असे लिहिले तर नावाच्या क्रमाने लावल्यावर फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात. तारखेत तिरकी रेघ चालणारच नाही. दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, कोलन, तारका, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन कोनी कंस आणि उभी रेघ ही नऊ चिन्हे विंडोज नावात घेत नाही.

नाव मराठीत द्यावे का? विंडोजला देवनागरी नावांची काहीच अडचण नाही. अडचण येते ती जुन्या प्रोग्राममध्ये किंवा जुन्या पद्धतीने बनवलेल्या झिप फाइलीत. तिथे अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे येतात. दुसरी गोष्ट टंकनाची. फोल्डरमध्ये असताना नावाचे पहिले अक्षर दाबले की निवड थेट त्या नावावर उडी मारते, पण कीबोर्ड इंग्रजीवर असेल तर देवनागरी नावासाठी ही उडी मिळत नाही. आधी विंडोज + स्पेसने भाषा बदलावी लागते. म्हणून आमचा कल असा: स्वतःपुरत्या फोल्डरांना मराठी नावे खुशाल द्या, बाहेर पाठवायच्या फाइलींना रोमन लिपीत. आणि क्रमाचे आकडे मात्र सगळीकडे एकाच लिपीत. काही देवनागरी आणि काही रोमन आकडे ठेवलेत तर पुढे शोधताना दोन्ही रूपे टाइप करून पाहण्याची पाळी येते.

नाव बदलण्यासाठी एफ२. एकामागून एक अनेक नावे बदलायची असतील तर पहिले नाव लिहून एंटर न दाबता टॅब दाबा, पुढच्या फाइलचे नाव लगेच बदलायला उघडते. नवा फोल्डर कंट्रोल + शिफ्ट + एन ने होतो.

शॉर्टकट बनवणे

सरधोपट मार्ग: फोल्डरवर राइट क्लिक, विंडोज ११ असेल तर ‘शो मोअर ऑप्शन्स’, मग ‘सेंड टू’ आणि त्यात डेस्कटॉप. शिफ्ट दाबून राइट क्लिक केले तर जुना पूर्ण मेनू थेट उघडतो, मधली एक पायरी वाचते.

माउसने ओढून करायचा असेल तर आधी ओढण्याचा कायदा समजून घ्या, कारण निम्म्या फाइली यातच हरवतात. एकाच ड्राइव्हवर ओढले तर फाइल हलते. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर ओढले तर तिची प्रत होते. म्हणजे डॉक्युमेंट्समधला फोल्डर डेस्कटॉपवर ओढला की तो डॉक्युमेंट्समधून जातो, आणि पेन ड्राइव्हवरचा ओढला की दोन प्रती तयार होतात. पुढे एकीत बदल होतो, दुसरी जुनी राहते, आणि खरी कोणती हे कळत नाही. अल्ट दाबून ओढले तर मात्र शॉर्टकट बनतो. कोणती की दाबायची ते आठवत नसेल तर माउसच्या उजव्या बटणाने ओढा. सोडताच विंडोज विचारते: कॉपी हिअर, मूव्ह हिअर की क्रिएट शॉर्टकट्स हिअर. सवय लावायची तर हीच लावावी.

शॉर्टकट झाल्यावर त्याच्या नावातला ‘शॉर्टकट’ हा शब्द एफ२ ने काढून टाका. मग आयकॉन निवडून अल्ट + एंटर दाबा. उघडलेल्या प्रॉपर्टीजमध्ये उपयोगाच्या तीन जागा आहेत.

‘शॉर्टकट की’ या चौकटीत क्लिक करून एखादे अक्षर दाबले, उदाहरणार्थ के, की विंडोज स्वतःच कंट्रोल + अल्ट + के असे लिहिते. ओके केल्यावर कुठूनही हे तीन बटण दाबले की तो फोल्डर उघडतो. अट एकच: शॉर्टकट थेट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असला पाहिजे. डेस्कटॉप नीटनेटका करण्याच्या भरात तो दुसऱ्या फोल्डरमध्ये ढकलला तर ही की चालेनाशी होते. दोन शॉर्टकटांना एकच अक्षर देऊ नका. तुमच्या कीबोर्ड मांडणीत उजव्या अल्टने जादा अक्षरे उमटत असतील तर ती अक्षरेही टाळा. कंट्रोल आणि अल्ट एकत्र दाबणे बऱ्याच मांडण्यांत उजव्या अल्टसारखेच धरले जाते.

‘रन’ मध्ये मॅक्सिमाइझ्ड निवडले की खिडकी पूर्ण पडद्यावर उघडते. ‘चेंज आयकॉन’ मधून चित्र बदलता येते, आणि चार फोल्डर शेजारी असताना त्याचा फायदा नावापेक्षा जास्त होतो. सगळेच पिवळे दिसले तर डोळा प्रत्येक वेळी नाव वाचत बसतो.

पडद्यावरची मांडणी

डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून व्ह्यूमध्ये जा. ‘ऑटो अरेंज आयकॉन्स’ ची खूण काढा, ‘अलाइन आयकॉन्स टू ग्रिड’ ची ठेवा. पहिल्यामुळे आयकॉन तुम्ही ठेवाल तिथे राहतात, दुसऱ्यामुळे ते वाकडेतिकडे होत नाहीत. आकार कंट्रोल धरून माउसचे चाक फिरवल्याने कमी-जास्त होतो.

डाव्या कडेला चालू कामांचे शॉर्टकट, उजव्या वरच्या कोपऱ्यात आवक, रिसायकल बिन खाली उजवीकडे, मधला भाग मोकळा. एकूण आयकॉन दहा-बाराच्या आत. रिसायकल बिन आवकेपासून दूर ठेवण्याचे कारण उघड आहे, ओढताना माउस घसरतो.

खिडक्यांच्या गर्दीतून डेस्कटॉप गाठायला विंडोज + डी, पुन्हा दाबले की खिडक्या परत. नुसते डोकावायचे असेल तर विंडोज + स्वल्पविराम, बटण सोडले की पूर्ववत.

डेस्कटॉपच्याही आधी हाताशी येणाऱ्या जागा

खरे सांगायचे तर रोज उघडायच्या फोल्डरसाठी डेस्कटॉप ही दुसऱ्या क्रमांकाची जागा आहे. पहिली क्विक अॅक्सेस. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘पिन टू क्विक अॅक्सेस’ म्हटले की तो एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीत वर बसतो. मोठा फायदा असा की कोणत्याही प्रोग्राममधून सेव्ह किंवा ओपन करताना उघडणाऱ्या चौकटीतही तो बहुधा तिथेच दिसतो. टास्कबारवरच्या एक्सप्लोररच्या आयकॉनवर राइट क्लिक केले तरी हे पिन केलेले फोल्डर समोर येतात. न मागता तिथे येणारे फोल्डर थांबवायचे असतील तर एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये जनरल टॅबवर, प्रायव्हसीखाली, वारंवार वापरलेले फोल्डर दाखवण्याची खूण काढा.

टास्कबारवर पिन केलेल्या पहिल्या नऊ आयकॉनना विंडोज + १ ते विंडोज + ९ आणि दहाव्याला विंडोज + ० अशा की आपोआप मिळतात. क्रम ओढून बदलता येतो, म्हणून सगळ्यात जास्त लागणारे डावीकडे. फोल्डर मात्र टास्कबारवर थेट पिन होत नाही. त्यावर उपाय: फोल्डरचा शॉर्टकट करा, प्रॉपर्टीजमधल्या टार्गेटमध्ये पत्त्याच्या आधी रोमन अक्षरांत एक्सप्लोरर हा शब्द आणि एक जागा घाला, ओके करा. पत्त्याभोवती अवतरणचिन्हे असतील तर ती तशीच राहू द्या. आता विंडोज त्याला प्रोग्रामचा शॉर्टकट समजते आणि राइट क्लिकच्या पूर्ण मेनूत ‘पिन टू टास्कबार’ दिसतो. स्वतंत्र आयकॉन आधी द्या, नाहीतर दोन सारखे पिवळे चौकोन शेजारी बसतील.

मूळ फाइली डी ड्राइव्हवर ठेवल्या तर शोध मंद वाटू शकतो. विंडोजची शोधसूची नेहमीच्या सेटिंगमध्ये वापरकर्त्याच्या फोल्डरांपुरती असते. कंट्रोल पॅनेलमधल्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये, मॉडिफायमधून, तो फोल्डर जोडा.

काही जण डेस्कटॉपचीच जागा बदलून डी वर नेतात, म्हणजे विंडोज नव्याने बसवताना सी पुसला तरी फाइली वाचतात. डेस्कटॉपच्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबवर मूव्ह म्हणायचे. त्याआधी डी वर रिकामा फोल्डर करून घ्या आणि तोच निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडला तर अख्खा ड्राइव्हच डेस्कटॉप होतो, त्यातले सगळे पडद्यावर येते, आणि हे उलटे फिरवणे फार किचकट जाते.

मॅकवर शॉर्टकटला एलियास म्हणतात. ऑप्शन आणि कमांड दाबून ओढले की तो बनतो, आणि मूळ फाइल त्याच डिस्कवर हलवली तरी सहसा तिचा माग काढतो. २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून डेस्कटॉपवर राइट क्लिक करून स्टॅक्स चालू करता येतात; फाइली प्रकारानुसार थप्प्यांत जमतात. गर्दी झाकायला ते उत्तम, पण फाइली तिथेच असतात. फोल्डर फाइंडरच्या साइडबारमध्ये किंवा डॉकच्या रेघेपलीकडे कचरापेटीशेजारी ओढून ठेवणे जास्त कामाचे.

बिघाड आणि कारणे

शॉर्टकट उघडत नाही आणि मूळ वस्तू हलवली किंवा तिचे नाव बदलले असा संदेश येतो. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल विंडोज बऱ्याचदा स्वतः शोधून काढते. दुसऱ्या ड्राइव्हवर नेली असेल तर शॉर्टकट पुसून नवा करणे सोपे. बाहेरच्या डिस्कवरच्या फोल्डरचा शॉर्टकट कधी चालतो, कधी नाही, असे असेल तर डिस्कचे अक्षर बदलत आहे: आज ई, उद्या एफ. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून तिला वर्णमालेतले मागचे अक्षर, पी किंवा त्यापुढचे, कायमचे द्या.

आयकॉन पांढरे कोरे दिसतात पण उघडतात: चित्रांचा साठा बिघडला आहे, फाइली ठीक आहेत. कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, यादीत विंडोज एक्सप्लोरर निवडा, रीस्टार्ट म्हणा. पडदा क्षणभर कोरा होतो, घाबरू नका.

प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडून काढला की मांडणी विस्कटते, कारण पडद्याचे रिझोल्यूशन बदलते आणि आयकॉन मावतील तसे सरकतात. मांडणी लावून झाल्यावर तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. दहा-बारा आयकॉन त्याकडे पाहून पुन्हा लावायला मिनिटभर लागतो. सगळेच आयकॉन गायब असतील तर व्ह्यूमधली ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ ची खूण चुकून निघाली आहे.

आणि पेन ड्राइव्हवरचे तुमचे फोल्डर एकाएकी बाण असलेले दिसू लागले तर त्यावर डबल क्लिक करू नका. तुम्ही शॉर्टकट केलेले नाहीत, म्हणजे ते व्हायरसचे काम आहे: त्याने मूळ फोल्डर लपवले आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवले, जे उघडताच व्हायरसही चालतो. आधी अँटीव्हायरसने पूर्ण ड्राइव्ह तपासा. मग एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगा. तरीही फोल्डर दिसले नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये प्रणालीच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूणही तात्पुरती काढा, कारण असे व्हायरस फोल्डरांवर प्रणालीचा शिक्काही मारतात. दिसलेल्या फोल्डरांमधल्या फाइली संगणकावर नव्या फोल्डरमध्ये उतरवा, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा.